काळ्या मातीतली हाडं आणि प्राचीन डीएनए: प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५: काय मोजायचं

दख्खनमधल्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीतल्या, सुमारे ३००० वर्षं जुन्या हाडांसाठी डीएनए काढण्याची पद्धत बसवायची आहे. मानवी हाडांना हात लावण्याआधी सगळ्या चाचण्या जनावरांच्या हाडांवर होतील.

मोजमापाचं एकक आधी ठरवलं: खर्ची पडलेल्या दर मिलिग्रॅम हाडामागे मूळ प्राण्याचे किती वेगवेगळे तुकडे हाती आले. एंडोजिनस टक्का, म्हणजे वाचलेल्या एकूण तुकड्यांत मूळ प्राण्याचे किती, हा एकटा आकडा फसवतो. जिवाणूंचा डीएनए घालवला की टक्का वाढतो. त्या नादात हाडाचा स्वतःचा बराचसा डीएनए वाहून गेला तरी टक्का वाढलेलाच दिसतो. हाड पुन्हा मिळत नाही, म्हणून हिशोब हाडाशीच लावायचा.

उष्णतेचं गणित मांडून ठेवतो. न्यूझीलंडच्या मोआ पक्ष्यांच्या पायाच्या हाडांवरून २०१२ मध्ये एक दर निघाला: १३.१ °से तापमानाला २४२ बेसजोड्यांच्या तुकड्याचं अर्धायुष्य ५२१ वर्षं, म्हणजे दर दहा लाख बंधांमागे वर्षाला सुमारे ५.५ बंध तुटतात. आपल्याकडे जमिनीत सरासरी तापमान २५ °सेच्या आसपास. सक्रियण ऊर्जा १२७ किलोज्यूल प्रति मोल धरली, तर तुटण्याचा वेग आठपटीहून थोडा जास्त होतो. ३००० वर्षांनंतर तुकड्याची सरासरी लांबी कागदावर फक्त ७ बेसजोड्या येते. ३५ हून लांब तुकडे १ टक्क्याहून कमी, २५ हून लांब ३ टक्क्यांच्या आसपास.

कागदावरचं हे गणित शब्दशः घेतलं तर हा प्रकल्प आजच बंद करावा लागेल. पण ते सगळ्याच हाडांना लागू होत नाही. हरियाणातल्या राखीगढीला पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या नेतृत्वाखाली उत्खनन झालं. तिथले ६१ नमुने तपासल्यावर एकाच व्यक्तीचा जीनोम मिळाला, तोही शंभराहून जास्त लायब्ररी (सीक्वेन्सिंगसाठी, म्हणजे डीएनए वाचण्यासाठी, तयार केलेले तुकड्यांचे संच) करून. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे घट्ट हाडात, खनिजाला धरून बसलेला डीएनए या दरापेक्षा जास्त टिकतो. गणितातून घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. सगळा माल आखूड तुकड्यांत आहे, आणि पकडीची खालची मर्यादा ३५ वरून २५ वर आणली तर मिळकत चौपट व्हायला हवी. ते व्यवहारात कितपत उतरतं ते पाहायचं.

९ जानेवारी: चाचणीचं हाड

गाईबैलांची हाडं भरपूर आहेत, तरी ती घेतली नाहीत. पीसीआरच्या (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या) रसायनांत गाय, डुक्कर, कोंबडी यांचा डीएनए अंशमात्र सापडतो हे जुनं दुखणं आहे. त्यांत घातलं जाणारं बीएसए तर गाईच्याच रक्तातलं प्रथिन. ब्लँकमध्ये (हाड न घालता चालवलेल्या नळीत) गाय दिसली तर ती हाडातून आली की बाटलीतून, हे सांगता येणार नाही. म्हणून शेळी-मेंढी.

हाडाचा भाग: पेट्रस, अंतर्कर्णाभोवतीचं घट्ट हाड. रवंथ करणाऱ्या प्राण्यांत ते कवटीपासून सुटं होतं आणि उत्खननाच्या थैल्यांत बहुतेक वेळा ‘कवटीचे किरकोळ तुकडे’ म्हणून पडलेलं असतं. त्या थैल्या ओतून बघणं फायद्याचं ठरतं.

निवड करताना बाद केलेली हाडं:

- करडी-निळसर किंवा पांढरीफटक, म्हणजे आगीत गेलेली. काळपट रंगाचं तपासून ठरवायचं, कारण मॅंगनीजच्या डागानेही हाड काळं होतं. डाग वरवर असतो, जळका रंग आतपर्यंत जातो.
- ज्यांवर चकाकणारा थर आहे. जुन्या संग्रहांत हाड भुगा होऊ नये म्हणून पीव्हीए (एक चिकट प्लास्टिक) लावलेलं असतं. कोपऱ्यावर ॲसिटोनचा बोळा फिरवला की चिकटपणा कळतो.
- ज्यांची साठवणीची काहीच नोंद नाही.

शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. खोदून काढलेलं हाड पाण्याने धुऊन उन्हात वाळवणं ही सर्रास पद्धत आहे, आणि तिथेच मोठं नुकसान होतं. फ्रान्समधल्या ऑरॉक्सच्या (नामशेष रानबैलाच्या) हाडांवर २००७ मध्ये हे दाखवून झालं: ताजं, न धुतलेलं हाड संग्रहातल्या हाडापेक्षा कितीतरी चांगला डीएनए देतं. उत्खननावर असलेल्या सहकाऱ्यांना म्हणून एकच विनंती कळवली आहे. पेट्रस आणि दात दिसले की हातमोजे घालून, ब्रश न मारता, मातीसकट कागदी पाकिटात. पाकीट सावलीत, मग थंड जागी. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि बुरशी येते.

१७ जानेवारी: कापणं आणि ड्रिलिंग

पेट्रस सगळीकडे सारखं नसतं. टोकाकडचा भाग जाळीदार, मधला घट्ट, आणि कॉक्लियाभोवतीचं (कानातल्या शंखाकृती नळीभोवतीचं) कवच सगळ्यांत घट्ट. २०१५ मध्ये या तीन भागांची तुलना झाली, तेव्हा कॉक्लियाच्या भागातला एंडोजिनस अंश मधल्या भागाच्या ६५ पटींपर्यंत आणि जाळीदार भागाच्या १७७ पटींपर्यंत भरला होता. पूर्ण पेट्रस दळून एकत्र करणं म्हणूनच चूक. चांगल्या ५० मिग्रॅमध्ये वाईट ५०० मिग्रॅ मिसळल्यासारखं होतं.

क्रम असा बसवला: पृष्ठभाग १ मिमीपर्यंत खरवडून टाकला, दोन्ही बाजूंना यूव्ही दिली, मग डायमंड चकतीने कॉक्लियाला आडवा छेद घेतला. छेद उघडल्यावर फरक डोळ्यांना दिसतो. बाहेरचा भाग तपकिरी, खडूसारखा, नखाने ओरखडा उठणारा. आतलं कवच हस्तिदंती, काचेसारखं, चकतीखाली आवाज बदलणारं. त्या कवचातूनच पावडर घेतली.

ड्रिलचा वेग उपकरणाच्या सर्वांत खालच्या पायरीवर. पाच सेकंद ड्रिल, दहा सेकंद विश्रांती. वेग वाढवला की टोक तापतं, आणि या तुकड्यांना उष्णतेचा आणखी एक फटका परवडणारा नाही. जळक्या शिंगासारखा वास आला की तेवढी पावडर बाजूला. पावडर मलईच्या रंगाची असावी. तपकिरी झाली तर टोक बाहेरच्या थरात शिरलं आहे.

दर हाडाला नवं टोक. वापरलेली टोकं ब्लीच, पाणी, मग यूव्ही या क्रमाने. स्टील ब्लीचमध्ये गंजतं, दहा मिनिटांत बाहेर काढायचं.

२२ जानेवारी: ईडीटीएचा हिशोब

लायसिसची (हाड विरघळवण्याची) कृती २०१३ च्या डॅबनी पद्धतीवर बेतलेली: ०.४५ मोलर ईडीटीए (कॅल्शियम धरणारं रसायन, पीएच ८.०), ०.०५ टक्के ट्वीन-२० (साबणासारखं द्रव्य), ०.२५ मिग्रॅ/मिलि प्रोटिनेज के (प्रथिनं पचवणारं एन्झाइम). ५० मिग्रॅ पावडरला १ मिलि. ३७ °सेला रात्रभर फिरवत ठेवणं. प्रोटिनेज के शेवटी आणि ताजं.

काही नळ्यांत सकाळी तळाशी पांढरा गाळ शिल्लक होता. प्रोटिनेज कमी पडलं असं वाटतं, पण खरं कारण कॅल्शियमचं आहे. १ मिलि ०.४५ मोलर ईडीटीए म्हणजे ०.४५ मिलिमोल, आणि ते तेवढंच कॅल्शियम धरू शकतं. ताज्या हाडात खनिज साधारण ७० टक्के; ५० मिग्रॅमध्ये कॅल्शियम सुमारे ०.३५ मिलिमोल. बसतं. पण आपल्या हाडांतलं कोलॅजेन बरंचसं गेलेलं आहे, उरलंय ते जवळपास सगळं खनिज. मग तेवढ्याच ५० मिग्रॅमध्ये कॅल्शियम ०.५ मिलिमोलपर्यंत जातं. त्यात काळ्या मातीतला चुना छिद्रांत भरलेला. कॅल्साइटही ५० मिग्रॅला ०.५ मिलिमोलच देतं. ईडीटीए संपलं की उरलेलं खनिज विरघळत नाही, आणि त्याला धरून बसलेला डीएनए गाळातच राहतो.

थोडक्यात, हाड जितकं खराब तितकी पावडर कमी घ्यायला हवी. ईडीटीए दीडपट करणं सोपं वाटतं, पण मग बाइंडिंग बफरही (डीएनए सिलिकाला चिकटवणारं द्रावण) दीडपट लागतो आणि तो कॉलमवरच्या फनेलमध्ये मावत नाही. चुनखडीच्या नमुन्यांसाठी ३५ मिग्रॅ ठरवलं. ओळखायला छेदातून उडालेल्या टाकाऊ कणावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब: हाड स्वतः किंचित फसफसतं, चुना जोरात.

नंतर तपासलं: गाळ उरलेल्या नळीतल्या गाळावर दुसरं १ मिलि टाकून काढलेल्या अर्कातही शेळी-मेंढीचा डीएनए आहे. गाळ फेकायचा नाही. उणे २० °सेला ठेवायचा.

२९ जानेवारी: आखूड तुकडे कुठे गळतात

ही चाचणी प्राचीन डीएनएच्या स्वच्छ खोलीत करायची नाही. आधुनिक डीएनएचा लॅडर (ठरावीक लांबीच्या तुकड्यांचं मिश्रण) तिथे नेला की खोली महिनाभर बाद. वेगळी इमारत, वेगळे कॉलम (डीएनए पकडणाऱ्या सिलिकाच्या नळ्या), वेगळे पिपेट.

२५ बेसजोड्यांपासून सुरू होणारा लॅडर १ मिलि लायसिस बफरमध्ये घालून तीन बाइंडिंग बफरांतून नेला आणि कोणत्या लांबीची पट्टी टिकते ते पाहिलं:

- किटसोबत येणारा नेहमीचा बफर. ५० ची पट्टी अंधूक, २५ ची नाही.
- डॅबनी बफर: ५ मोलर गुआनिडीन हायड्रोक्लोराइड, ४० टक्के आयसोप्रोपॅनॉल, ०.०५ टक्के ट्वीन, १३ मिलिला ४०० मायक्रोलिटर ३ मोलर सोडियम ॲसिटेट (पीएच ५.२). ५० ची पट्टी भरघोस, २५ ची पुसट.
- २ मोलर गुआनिडीन, ७० टक्के आयसोप्रोपॅनॉल. २५ ची पट्टीही ठळक.

अल्कोहोल वाढलं की आखूड तुकडे सिलिकाला चिकटतात, हे लॅडरवर स्वच्छ दिसतं. पण लॅडर म्हणजे हाड नव्हे. तिसऱ्या बफरने हाडाचा अर्क तपकिरी आला. तुकड्यांबरोबर मातीतली रंगद्रव्यंही चिकटली. निर्णय सीक्वेन्सिंगनंतर.

५ फेब्रुवारी: बफर, फनेल, कचरा

डॅबनी बफर १०० मिलिसाठी: गुआनिडीन हायड्रोक्लोराइड ४७.८ ग्रॅम, थोड्या पाण्यात विरघळवायचं (बाटली बर्फासारखी गार पडते, घाई करायची नाही), आयसोप्रोपॅनॉल ४० मिलि, ट्वीन ५० मायक्रोलिटर, पाण्याने १०० पर्यंत. एसी जोरात असलेल्या खोलीत बाटलीत स्फटिक उतरतात. तसाच वापरला तर गुआनिडीनचं प्रमाण कमी आणि बाइंडिंग अर्धवट. ३७ °सेला ठेवून पूर्ण विरघळल्यावरच घ्यायचा.

कॉलमला जोडलेलं फनेल सांध्यात गळलं, तर अर्क सिलिकातून न जाता बाजूने ट्यूबमध्ये जातो आणि काहीच कळत नाही. म्हणून प्रत्येक स्पिननंतर ५० मिलि ट्यूबमधला द्रव ओतून न देता इल्यूशन (सिलिकावरून डीएनए सोडवणं) होईपर्यंत राखायचा. ४ मिनिटं १५०० जी, ट्यूब ९० अंश फिरवून आणखी २ मिनिटं. न फिरवल्यास एका बाजूला द्रव अडकतो. मोठ्या आकारमानाच्या तयार सिलिका कॉलममध्ये फनेल जोडूनच येतं. पैसे जास्त, पण गळती जवळजवळ नाही. मानवी नमुन्यांना तेच.

धुण्यानंतर कोरडा स्पिन १ मिनिट, पुढे झाकण उघडं ठेवून २ मिनिटं. इथेनॉल राहिलं तर पुढची लायगेशन (तुकड्यांना कृत्रिम टोकं जोडणं) फसते. इल्यूशन १२.५ मायक्रोलिटर टीईटी (ट्वीन असलेला बफर) दोन वेळा, प्रत्येकी ५ मिनिटं थांबून. ट्वीन नसलेल्या बफरमध्ये एवढा थोडा डीएनए ट्यूबच्या भिंतीला चिकटून राहतो.

गुआनिडीनचा कचरा ब्लीचमध्ये कधीही ओतायचा नाही. विषारी वायू सुटतो. स्वच्छ खोलीत सगळं ब्लीचने पुसायची सवय असते, म्हणून ही पाटी हूडवर लावली आहे. सांडलं तर आधी भरपूर पाणी, पुसून घेणं, आणि मगच ब्लीच.

१३ फेब्रुवारी: पावडर आधी धुवायची का

एका पेट्रसची पावडर नीट ढवळून समान भाग केले. दोन हाडांची तुलना करून पद्धत ठरत नाही. हाडाहाडांतला फरक पद्धतींतल्या फरकापेक्षा मोठा असतो.

पूर्वपचन: ईडीटीए आणि प्रोटिनेज के, ३७ °से, ३० मिनिटं, द्रव काढून नवा बफर. पृष्ठभागावरचा जिवाणूंचा डीएनए आधी सुटतो. एंडोजिनस टक्का वाढला आणि मिलिग्रॅममागे तुकडे फार घटले नाहीत. पद्धत ठेवली. काढलेला पहिला द्रवही फेकायचा नाही, वेगळा कॉलम करून साठवायचा. चुनखडीच्या नमुन्यांत याचा दुहेरी फायदा: बराचसा चुना या पहिल्या द्रवातच निघून जातो आणि पुढच्या रात्रीचं ईडीटीए हाडाच्या कामी येतं.

ब्लीच: ०.५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट, १५ मिनिटं, पाण्याने तीनदा धुणं. टक्का सर्वांत जास्त इथेच वाढला. वेगळे तुकडे मात्र सर्वांत कमीही इथेच. थंड प्रदेशातल्या, भरपूर डीएनए असलेल्या हाडाला हा सौदा परवडतो. सीक्वेन्सिंगचा खर्च वाचतो. आपल्या हाडांत मुळात जे थोडं आहे ते गेलं तर कितीही सीक्वेन्सिंग करून परत येणार नाही. मानवी नमुन्यांवर ब्लीच नको.

फॉस्फेट बफर (०.५ मोलर, पीएच ७.०) सौम्य आहे, पण पूर्वपचनानंतर त्याने विशेष भर पडली नाही.

२१ फेब्रुवारी: तपकिरी अर्क

तपकिरी अर्कात ह्युमिक द्रव्यं (मातीतल्या कुजलेल्या पाल्यापासूनची रंगद्रव्यं) आहेत का, हे रंगावरून ठरवायचं नाही. क्यूपीसीआरमध्ये (डीएनए किती आहे ते मोजणाऱ्या पीसीआरमध्ये) मूळ अर्काची लायब्ररी आणि दहापट पातळ केलेल्या अर्काची लायब्ररी शेजारी लावायची. अडथळा नसेल तर पातळ नमुना सुमारे ३.३ सायकल मागे येतो. फरक त्याहून बराच कमी आला, किंवा पातळ नमुनाच आधी आला, तर अर्क एन्झाइमला अडवतो आहे. ७० टक्के आयसोप्रोपॅनॉलच्या अर्कांत हेच दिसलं. कॉलम पुन्हा करून साफ केला तर आखूड तुकडे पुन्हा गळतात. त्यापेक्षा अर्काचे छोटे भाग करून दोन-तीन लायब्ररी करणं बरं: प्रत्येकीत अडथळा कमी, एकूण तुकडे जास्त.

५ मार्च: लायब्ररी

दुहेरी धाग्याची लायब्ररी स्वस्त आणि सवयीची. पण खाचा पडलेले, एकेरी झालेले तुकडे तिच्यात येतच नाहीत. एकेरी धाग्याची लायब्ररी: ९५ °सेला धागे सुटे करून लगेच बर्फावर, स्प्लिंटरच्या (जोडाला आधार देणाऱ्या छोट्या धाग्याच्या) आधाराने टी४ लायगेजने पहिला अडॅप्टर (टोकाला जोडायचा ठरावीक डीएनए), स्ट्रेप्टाव्हिडिनच्या चुंबकी मण्यांवर पकड, क्लेनॉ एन्झाइमने दुसरा धागा, मग दुसरा अडॅप्टर. त्याच अर्काच्या तेवढ्याच आकारमानातून हिने जास्त वेगळे तुकडे दिले, आणि वाढ बहुतेक ५० च्या खालची.

बिघडतं कुठे: लायगेशनच्या मिश्रणात पीईजी असतं, ते मधासारखं तळाशी बसतं. पिपेटने वरखाली करून पुरत नाही. ट्यूब उलटी करून टिचक्या मारायच्या, रेषा दिसेनाशा होईपर्यंत. दुसरं म्हणजे शेवटची मण्यांची सफाई. दोन्ही अडॅप्टर आणि इंडेक्स (नमुना ओळखायची खूण) मिळून लांबी १३० च्या आसपास, ३० चा तुकडा धरला तर १६०. मण्यांचं प्रमाण कमी ठेवलं तर अडॅप्टर-डायमर (मध्ये तुकडा नसताना एकमेकांना जुळलेले अडॅप्टर) जातो, पण हवे असलेले आखूड तुकडेही त्याच्याबरोबर जातात. थोडा डायमर सहन करणं परवडतं.

पीसीआरच्या सायकली क्यूपीसीआर पाहून, प्रत्येक लायब्ररीच्या वेगळ्या. एक्स्ट्रॅक्शन ब्लँक आणि लायब्ररी ब्लँक प्रत्येक बॅचला, आणि तेही सीक्वेन्स करायचे.

२० मार्च: सीक्वेन्सिंगचे निकाल

मॅपिंग (तुकडे शेळीच्या जीनोमवर जुळवणं): बीडब्ल्यूए एएलएन हा प्रोग्राम, सीड बंद, किमान लांबी २५ ठेवून सगळं काढलं आणि लांबीनुसार गट पाडले. मॅपिंग दर्जा २५ च्या वर.

२५ ते २९ च्या गटात शेळीवर बसणारे तुकडे प्रचंड वाढले. जानेवारीतलं गणित खरं ठरलं असं वरवर वाटतं. पण दोन गोष्टी पाहिल्या. पहिली, टोकाला सी या बेसच्या जागी टी येण्याचं प्रमाण, ही जुन्या डीएनएची खूण. ३५ च्या वरच्या गटांत ते स्पष्ट उंच आहे, म्हणजे डीएनए खरोखर जुना. २५ ते २९ मध्ये ते खाली येतं. दुसरी, हेच तुकडे शेळीशी संबंध नसलेल्या जीनोमवर लावले तरी त्यांतले बरेच बसतात. इतका आखूड तुकडा जिवाणूचा असला तरी तीनशे कोटींच्या जीनोममध्ये कुठे ना कुठे जागा शोधतोच.

३० ते ३४ च्या गटात टोकाची खूण टिकून आहे. मर्यादा ३० ठरली. मानवी नमुन्यांत लोकसंख्येचे निष्कर्ष ३५ वर पुन्हा तपासून पाहायचे, दोन्हींत फरक पडला तर ३५ चे धरायचे. ७० टक्के आयसोप्रोपॅनॉलचा बफर या मर्यादेवर डॅबनी बफरपेक्षा फार पुढे जात नाही आणि अडथळा वाढवतो. डॅबनी बफर कायम.

सर्वांत मोठा फरक रसायनांनी पडलेला नाही. कॉक्लियाचं कवच विरुद्ध त्याच हाडाचा तपकिरी बाहेरचा भाग, हा फरक बफर, पूर्वपचन आणि लायब्ररी या सगळ्यांच्या एकत्रित फरकापेक्षा मोठा निघाला.

२८ मार्च: मानवी नमुन्यांसाठी ठरलेली कृती

कवटीमागे पेट्रस दोनच. दुसरं पुढच्या पिढीच्या पद्धतीसाठी अखंड ठेवायचं. परवानगीच्या अर्जात हे लिहून द्यायचं.

कापण्याआधी मायक्रो-सीटी, एकूण मात्रा २०० ग्रेच्या खाली; त्याहून जास्त क्ष-किरणांनी डीएनएची हानी दिसते. कानाच्या नळीतली माती आधी चाळून घ्यायची. कानातली इवली हाडं सापडली तर ती पेट्रसच्या तोडीचा डीएनए देऊ शकतात आणि कापाकापी वाचते, पण त्यांचं मोजमाप आणि छायाचित्रं आधी. कवटी अखंड असेल तर तळाकडून ड्रिल. चेहरा आणि दात शाबूत राहतात.

नायट्रोजनची चाचणी हाडाच्या सुट्या कपच्यांवर. ०.७६ टक्क्यांखाली कोलॅजेन सहसा मिळत नाही, म्हणजे तिथे रेडिओकार्बनची आशाही कमी. पेट्रससाठी ही अट मात्र कडक धरायची नाही. त्याच सांगाड्याची बरगडी रिकामी असून पेट्रसमध्ये डीएनए असू शकतो.

कॉक्लियातून ३५ मिग्रॅचे दोन भाग. पहिल्यावर: पूर्वपचन ३० मिनिटं, लायसिस रात्रभर, डॅबनी बफर, एकेरी धाग्याची लायब्ररी, थोडं सीक्वेन्सिंग. टोकाची खूण आणि ३० वरचे तुकडे दिसले तरच दुसरा भाग उघडायचा. नाही दिसले, तर दुसरा भाग, गाळ आणि पहिला द्रव तिन्ही उणे २० °सेला. लेबलवर संग्रहाचा क्रमांक, वजन, तारीख आणि आतापर्यंत काय वापरलं ते. उरलेलं हाड, कापलेल्या तुकड्यांसकट, संग्रहात परत.